ईएक्सटी४: डिरेक्टरीच्या तपासणीत फक्त देवनागरी नावांवर चुका का दिसतात?

प्रश्न
ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममधील डिरेक्टऱ्या डिस्कवरून थेट वाचून त्यांची सुसंगती तपासणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहीत आहे. हॅश-इंडेक्स असलेल्या डिरेक्टरीत (जिथे नावे हॅशनुसार ब्लॉकमध्ये वाटलेली असतात) प्रत्येक नावाचा हॅश, म्हणजे नावाच्या बाइटांवरून निघणारी संख्या, तो नव्याने काढतो आणि ते नाव ज्या ब्लॉकमध्ये सापडले, त्याच्या हद्दीत हा हॅश बसतो का, हे पाहतो. एक्स८६ संगणकावर एकही तक्रार येत नाही. तीच डिस्क इमेज एआरएम बोर्डावर नेऊन प्रोग्रॅम तिथे कंपाइल केला की देवनागरी नावे चुकीच्या ब्लॉकमध्ये असल्याचे तो सांगतो. इंग्रजी नावे मात्र बिनतक्रार पार पडतात. लहान डिरेक्टरीत तीच देवनागरी नावे असली तरी काही दिसत नाही. फाइल सिस्टिम तपासणारे ई२एफएससीके दोन्हीकडे सारे ठीक असल्याचे सांगते. मग डिस्कवर खरोखर काही बिघडले आहे का?

उत्तर १
डिस्क शाबूत आहे. दोष हॅश काढणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. सी भाषेत नुसत्या ‘कॅर’ या एका बाइटाच्या प्रकाराला अधिक-उणे चिन्ह असावे की नसावे, हे कंपायलर ठरवतो: लिनक्सवर एक्स८६ साठी तो चिन्हांकित असतो, एआरएमसाठी नसतो. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ई०, ए४, ९५ अशा तीन बाइटांचे होते. त्यातला पहिला बाइट एकीकडे उणे ३२ म्हणून, तर दुसरीकडे २२४ म्हणून बेरजेत जातो आणि हॅश पूर्णपणे वेगळा निघतो. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या आतच असल्याने त्यांना हा फरक कधीच जाणवत नाही. लहान डिरेक्टरी एकाच ब्लॉकमध्ये मावते, तिला इंडेक्सच नसतो, म्हणून तिथे आपली तपासणी चालतच नाही.

नेमक्या याच कारणासाठी सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टिमची मूलभूत माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या) फ्लॅग्ज या रकान्यात एक बिट चिन्हांकित हॅशसाठी आणि दुसरा चिन्हविरहित हॅशसाठी राखलेला आहे. प्रोग्रॅमने तो वाचून ‘साइन्ड कॅर’ किंवा ‘अनसाइन्ड कॅर’ असा स्पष्ट प्रकार वापरावा. पडताळणीसाठी डीबगएफएस या फाइल सिस्टिमची अंतर्गत रचना दाखवणाऱ्या साधनातील एचट्री डम्प ही कमांड चालवावी. ती प्रत्येक नावाशेजारी त्याचा हॅश छापते आणि हा फ्लॅगही पाळते.

उत्तर २
वरील निदान योग्य आहे. एक भर घालतो: हॅशचा शेवटचा बिट नेहमी शून्य ठेवला जातो, कारण इंडेक्समधील नोंदीत तोच बिट ‘समान हॅशची नावे मागच्या ब्लॉकमधून इथे पुढे चालू आहेत’ हे दर्शवतो. हद्दीची तुलना करण्यापूर्वी तो बाजूला काढला नाही, तर टक्कर झालेल्या नावांवर पुन्हा खोट्या चुका दिसतील, आणि त्या इतक्या क्वचित दिसतील की शोधणे कठीण जाईल.

प्रश्नकर्ता
फ्लॅग वाचून प्रकार निवडल्यावर एआरएमवरील सर्व तक्रारी थांबल्या. आभारी आहे. या इमेजचा फ्लॅगच बदलून चिन्हविरहित केला तर चालेल का?

उत्तर १
कृपया तसे करू नये. जुनी नावे जुन्या हॅशनुसार मांडलेली असल्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) ती भलत्याच ब्लॉकमध्ये शोधेल; फाइल यादीत दिसेल, पण उघडायला गेल्यास अस्तित्वात नसल्याचे उत्तर येईल. बदल अटळच असेल, तर फाइल सिस्टिम अनमाउंट करून ई२एफएससीके ‘-एफडी’ पर्यायासह चालवावे, म्हणजे डिरेक्टऱ्यांचे इंडेक्स नव्याने बांधले जातील. तत्पूर्वी इमेजची प्रत काढून ठेवावी.