आभार मानायची तुमच्या घरातली रोजची सवय सांगा

रानजाई
आज सकाळी मेथी घ्यायला गेले, भाजीवाल्या मावशींची भवानी माझ्याच हातून झाली. नोट आधी तराजूला लावली, मग कपाळाला, मगच पिशवीत टाकली. मला एकदम आजी आठवली. रात्री ओटा पुसून झाला की शेगडीला हात लावून पुटपुटायची, "आज सगळी जेवली." एवढंच. घरात भांडण झालेलं असो, कुणी आजारी असो, ते चुकायचं नाही. मधे ह्यांची नोकरी गेली तेव्हापासून मीही ओटा आवरताना तसंच म्हणते. खरं सांगते, जिवाला थारा मिळतो. तुमच्याकडे काय आहे? सणावारचं नको, रोजचं सांगा.

चहाबाज
बाबा एसटीत ड्रायव्हर. गाडीत चढताना पायरीला हात, मग स्टिअरिंगला. रात्री डेपोत गाडी लावली की बॉनेटवर थाप, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. आता रिटायर झालेत, पण स्कूटर स्टँडला लावली की सीटवर थाप पडतेच.

येळवसकर
सणाचं नको म्हणालात तरी सांगतोच. आमच्या लातूरकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे मिसळीची भाजी, पिठाचे वाफवलेले उंडे, आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडायची. रोजचं म्हणाल तर आमचे अण्णा बांधावर जेवायला बसले की भाकरीचा पहिला तुकडा मातीवर ठेवतात. यंदा पावसानं सोयाबीन गेलं, तरी ठेवला.

रानजाई
अण्णांना नमस्कार सांगा.

तिघींची आई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्याकडे रात्री जेवताना एकेकीने सांगायचं, आज कुणामुळे बरं वाटलं. धाकटीचं उत्तर ठरलेलं, "व्हॅनकाका". दप्तर वर चढवून देतात ना. परवा मी काकांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पेरू घेऊन आले.

सांजवेळ
वाचत होते, लिहू की नको करत होते. आई गेली तेव्हा जो तो येऊन म्हणायचा, "फार हाल झाले नाहीत, देवाचे आभार मान." खूप राग यायचा, अजून येतो. दुसऱ्याला आभार मानायला सांगू नये कुणी. पण शेवटच्या दिवसांत रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या. आईची वेणी घालून द्यायच्या, केस ओढले जाऊ नयेत म्हणून मुळाशी बोटं धरून. रोज सकाळी केस विंचरताना मी त्यांची आठवण काढते. हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

तिघींची आई
❤️ कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या बघ.

चहाबाज
सांजवेळ, बरं केलंत लिहिलंत.

नाशिककर
एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास आहे. काहींनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, आभार मानाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या. आभार लिहिणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. तेव्हा रोज जमलं नाही म्हणून कुणी वही टाकून देऊ नका. मी रविवारी लिहितो. आणि मोघम "कुटुंब, आरोग्य" असं न लिहिता नेमकं लिहितो. गेल्या रविवारी लिहिलं, वॉचमननी पावसात माझ्या गाडीवर ताडपत्री टाकली.

कोकणी बाणा
आमच्याकडे विहिरीचा रहाट बंद करताना पाण्याला हात जोडायचे. आता पंप आहे. काकू पंपाला जोडते 🙏

तिघींची आई
येळवसकर, आंबील कशी करता? आमच्याकडे नाचणीची असते.

येळवसकर
ज्वारीची ताई. पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवायचं. सकाळी लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घालायचं, वर कोथिंबीर. मडक्यातच करा, स्टीलच्या पातेल्यात ती चव येत नाही.

चहाबाज
मडकं घेतो. उंड्यांचंही लिहा.