घरच्या कॉम्प्युटरला ऑफिस: एकदाच विकत घ्यावं की दरवर्षीचं सबस्क्रिप्शन?

निळी_शाई
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. घरात एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप, दोन्हीवर विंडोज ११. डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतंय अजून, पण सिक्युरिटी अपडेट येत नाहीत म्हणून बदलायचंय. डेस्कटॉप बाबांचा, ते आठवणी लिहितायत, वर्डमध्ये, देवनागरीत, फाइल चारशे पानांच्या वर गेलीय. लॅपटॉपवर मुलीची प्रेझेंटेशन्स आणि माझा घरखर्च एक्सेलमध्ये. बजेट आधीच सांगते: एका कॉम्प्युटरच्या लायसन्सला लागतील तेवढे पैसे, एकदाच. दरवर्षी कापले जाणारे नकोत. काय घेऊ?

टकटक
ताई डोळे मिटून मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली घ्या, म्हणजे ऑफिसचंच सबस्क्रिप्शन. सहा जणांना चालतं, प्रत्येकाला वेगळं १ टीबी वनड्राइव्ह (फाइली ठेवायची ऑनलाइन जागा), आणि एकेकाला एकाच वेळी पाच डिव्हाइसवर साइन इन करता येतं. आम्ही घरातले पाचही जण वापरतो, फोटोंचा बॅकअपसुद्धा तिकडेच, तीन वर्षांत एकदाही डोकं लावावं लागलं नाही. आणि आता कोपायलट हा एआय मदतनीसपण मिळतो, माझी अर्धी पत्रं तोच लिहून देतो.

जुना_कीबोर्ड
त्यांनी दरवर्षीचं नको म्हणून स्पष्ट लिहिलंय. लिब्रेऑफिस टाका. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालं, तेव्हापासून फुकटच आहे, वर्डच्या डॉकएक्स फाइली उघडतं, सेव्हही करतं. मी घरात दुसरं काही ठेवलेलंच नाही, आमच्या सोसायटीचे सगळे कागद त्यातच होतात.

हिशेबनीस
फुकटाच्या मागे लागू नका. एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) तिकडे सगळे चालतीलच असं नाही, एक्सलुकअपची, म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून देणाऱ्या फॉर्म्युल्याची, तर बातच सोडा. २०१९ च्या एक्सेलमध्येही एक्सलुकअप नव्हतं, २०२१ पासून आलं. मी रोज वापरतो म्हणून सांगतोय.

जुना_कीबोर्ड
@हिशेबनीस लिब्रेऑफिस २४.८ मध्ये एक्सलुकअप आलंय, आधी माहिती घ्या. आणि घरखर्चाला मॅक्रो लागतात कुणाला?

हिशेबनीस
मला लागतात. माझ्या घरखर्चाच्या फाइलला अकरा शीट आहेत.

पानगळ
सबस्क्रिप्शनवाल्यांनो, एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. माझ्या कार्डाची मुदत संपली होती, लक्षात आलं नाही, सबस्क्रिप्शन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट द्यायचा आणि रात्री अकराला बघते तर फाइल उघडते, वाचता येते, प्रिंटही निघते, पण एक अक्षर बदलता येत नाही. स्वतःच लिहिलेलं! शेवटी पुन्हा पैसे भरले तेव्हा हात चालले. तेव्हापासून मला त्या प्रकाराची चीडच आहे.

टकटक
कार्ड बदलायचं तुम्ही विसरलात, त्यात सॉफ्टवेअरने काय करायचं?

पानगळ
तेच म्हणतेय, विसरण्याची सोयच नाही त्यात. ताईंचे बाबा लक्षात ठेवणारेत का कार्डाच्या तारखा?

भिंगरी
स्वस्तातली 'की', म्हणजे ऑफिस ॲक्टिव्हेट करायचा कोड, घेऊ नका एवढं नक्की ऐका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली, 'लाइफटाइम' लिहिलं होतं, सात महिन्यांनी बंद पडली, तो विक्रेताही गायब. नंतर कळलं की ती कंपन्यांना घाऊकमध्ये दिलेल्या लायसन्समधली की होती. आणि लॅपटॉपसोबत ऑफिस आलं होतं का तेही बघा, पुष्कळ लॅपटॉपवर येतं आणि लोकांना पत्ताच नसतो. ज्या अकाउंटने पहिल्यांदा ॲक्टिव्हेट केलं त्यात लॉगिन केलं की दिसतं.

निळी_शाई
@भिंगरी बघितलं, एक महिन्याची ट्रायल होती, ती कधीच संपलीय. पण धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ओळंबा
एकदाच घ्यायचं तर आज पर्याय एकच, ऑफिस होम २०२४. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट मिळतं, आउटलुक हवं तर होम अँड बिझनेस घ्यावं लागतं. एका कॉम्प्युटरला एक. सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत, म्हणजे त्यानंतर परत आजच्यासारखाच प्रश्न, आणि पुढचं व्हर्जन आलं तर ते आपोआप मिळत नाही, नव्याने पैसे. कुणी २०२१ गळ्यात मारायला बघितलं तर घेऊ नका, त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ लाच संपतो. माझं मत विचाराल तर एकदाचं घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. लॅपटॉपचं काम ब्राउझरमधल्या वर्ड-एक्सेलवर होईल, ते फुकट आहे, वनड्राइव्ह ५ जीबी मिळतं, फक्त नेट लागतं.

टकटक
म्हणूनच तर म्हणतोय फॅमिली घ्या.

रिकामा_कागद
फॅमिलीत कोपायलट फक्त ज्याच्या नावावर प्लॅन आहे त्यालाच मिळतो, बाकीच्या पाच जणांना नाही, हेही सांगा ना. आणि आठवणी लिहिणाऱ्या माणसाला कोपायलट कशाला हवाय, त्यांच्या आठवणी त्याला कुठून माहीत?

हिशेबनीस
एकदा घेतलं तरी मालक आपण नसतोच, वापरायचा परवाना असतो.

पानगळ
पण तो परवाना दरवर्षी मागायला जावं लागत नाही.

जुना_कीबोर्ड
विषय भरकटतोय. ताई, लिब्रेऑफिस आधी लॅपटॉपवर टाकून बघा, काही मोडत नाही. फॉन्ट तेच असले की पानं फारशी हलत नाहीत. कॅलिब्री नसेल तर कार्लिटो टाका, अक्षरांची रुंदी तीच आहे.

भिंगरी
आणि स्वस्तातली की नको, पुन्हा सांगते.

निळी_शाई
सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही बसवून वाचून दाखवलं. डेस्कटॉपला ऑफिस होम २०२४ घेतलं, विक्रेत्याकडून नाही, थेट कंपनीच्या साइटवरून. ओळंबांचं म्हणणं खरंय, २०२९ ला पुन्हा बघावं लागेल. पण बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, त्यांचे मित्र फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस लावून (म्हणजे काय बदललं ते दिसेल असं) दुरुस्त्या पाठवतात, ते बाबांना वर्डमध्येच जमतं. पानगळचा किस्सा ऐकून ते एवढंच म्हणाले, "मी उद्या हॉस्पिटलात असलो आणि कुणी पैसे भरायचं विसरलं, तर माझी ओळ मलाच खोडता येणार नाही?" त्यांना समजवायला माझ्याकडे काही नव्हतं. लॅपटॉपला सध्या ब्राउझरमधलंच.

टकटक
तुमची मर्जी. पण तेवढ्यात वर्षभर सहा जणांचं झालं असतं.

ओळंबा
हरकत नाही. जुनं २०१६ आधी अनइन्स्टॉल करा, मग नवं टाका. त्याच्याही आधी बाबांची फाइल दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये सेव्हमध्ये जाऊन ऑटोरिकव्हर (अचानक बंद पडलं तर परत मिळावं म्हणून आपोआप होणारी नोंद) दहा मिनिटांवर असतं ते दोनवर आणा.

निळी_शाई
केलं. कॉपी तीन ठेवल्यात, एक पेनड्राइव्ह बाबांनी स्वतःच्या कपाटात ठेवलाय.