लोकल केबलवरच्या जाहिरातीतला क्यूआर स्कॅन का होईना?

सोयाबीन_लातूर: बियाण्याच्या दुकानाची १० सेकंदांची जाहिरात केबलच्या लोकल चॅनेलवर चालू आहे. कोपऱ्यात क्यूआर कोड दिलाय, पण स्कॅन जवळपास शून्य. रिमोटचं बटण दाबून गिऱ्हाइकाला नंबर नोंदवता येईल का? पेरणी तोंडावर आलीय.

हेडएंड_परभणी: रिमोटचं विसरा भाऊ. आपल्याकडचे बहुतेक सेट-टॉप बॉक्स सिग्नल फक्त घेतात, परत पाठवत नाहीत. त्यासाठी बॉक्सला इंटरनेट हवं. आता क्यूआर. ३२ इंची टीव्हीची उंची साधारण ४० सेंमी, त्यात तुमचा कोड ४ सेंमीचा असणार. स्कॅनचं अंतर कोडच्या दहापट धरतात, म्हणजे माणसानं टीव्हीला नाक लावायचं! पडद्याच्या एक तृतीयांश उंचीचा करा, सव्वा मीटरवरून चालेल. आणि १० सेकंदांत चार्जिंगचा मोबाईलही हातात येत नाही राव, कोड २५-३० सेकंद हलवू नका.

ग्राफिक्स_नांदेड: लांबलचक लिंक भरली की कोडातले चौकोन बारीक होतात आणि कॉम्प्रेशनमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करताना) त्यांच्या कडा फुटतात. लिंक छोटी ठेवा. पांढऱ्यावर काळा कोड, चारही बाजूंना ४ चौकोनांइतकी मोकळी जागा. अगदी काठाला नको, जुने टीव्ही कडा कापतात. खाली पळती पट्टी असेल तर ती कोडावरून जात नाही ना, हे ऑपरेटरकडे बसून बघा.

हेडएंड_परभणी: साध्या फोनवाल्यांसाठी मिस्ड कॉलचा नंबर मोठ्या अक्षरांत द्याच. प्रत्येक चॅनेलला वेगळा नंबर घेतला, तर पैसे कुठं वसूल होतात तेही कळतं.

सोयाबीन_लातूर: कोड फोटोशॉपात ओढून मोठा केला तर चालेल?

ग्राफिक्स_नांदेड: नको, कडा धूसर होतात. छोट्या लिंकचा नवाच काढा, एसव्हीजीमध्ये (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाईल).