स्टोरेज सर्व्हरची डिस्क बदलल्यावर एनएफएस माउंट अडकतात: ‘सॉफ्ट’ पर्याय द्यावा का?

प्रश्न

आमच्या लिनक्स स्टोरेज सर्व्हरवरील एकच फोल्डर लिनक्स संगणकांना एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याचा प्रोटोकॉल) आवृत्ती ४ ने आणि विंडोज संगणकांना सांबा या प्रोग्रॅममार्फत एसएमबीने (विंडोजच्या अशाच प्रोटोकॉलने) दिलेला आहे. गेल्या आठवड्यात सगळ्या फाइली नव्या डिस्कवर कॉपी केल्या, ती डिस्क जुन्याच मार्गावर माउंट केली (जोडली) आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. तेव्हापासून काही लिनक्स संगणकांवर ‘स्टेल फाइल हँडल’ ही त्रुटी येते. सर्व्हर बंद असताना त्या फोल्डरला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस अडकून बसते, आणि तो सुरू झाल्यावरही सुमारे दीड मिनिट फाइली उघडत नाहीत. यावर ‘हार्ड’ऐवजी (सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या पर्यायाऐवजी) ‘सॉफ्ट’ (मुदतीनंतर प्रयत्न सोडणारा) माउंट करावा असा सल्ला मिळाला आहे. या फोल्डरमध्ये सतत लेखन होत असल्यामुळे बदल करण्याआधी विचारत आहे.

उत्तर १

लेखन होणाऱ्या फोल्डरवर कृपया ‘सॉफ्ट’ वापरू नका. प्रोग्रॅमने लिहिलेली माहिती आधी क्लायंटच्या (फोल्डर वापरणाऱ्या संगणकाच्या) स्मृतीत साठते आणि लेखन यशस्वी झाल्याचे प्रोग्रॅमला लगेच कळवले जाते. ती सर्व्हरकडे नंतर जाते. सर्व्हरने मुदतीत उत्तर दिले नाही, तर ‘सॉफ्ट’ माउंट प्रयत्न सोडून देतो आणि त्रुटी बहुधा फाइल बंद करताना किंवा एफसिंकच्या (माहिती डिस्कवर पोचवण्याच्या आदेशाच्या) वेळी कळवतो. तेथे ती तपासणारे प्रोग्रॅम थोडे आहेत. परिणामी फाइल अर्धवट राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अडकलेली प्रोसेस निदान दिसते. हरवलेली माहिती कित्येक महिन्यांनी, बॅकअपही जुने झाल्यावर सापडते. प्रोसेस थांबवणे भागच असेल तर लिनक्स कर्नेल २.६.२५ पासून ‘किल -९’ (प्रोसेस सक्तीने बंद करण्याचा आदेश) चालते.

आपली ‘स्टेल’ त्रुटी मात्र या पर्यायाशी संबंधित नाही. फाइल हँडलमध्ये (क्लायंट ज्या खुणेने सर्व्हरकडे फाइल मागतो तिच्यात) फाइल सिस्टमची ओळख आणि आयनोड क्रमांक (फाइल सिस्टममधील फाइलचा अंतर्गत क्रमांक) असतात. फाइली कॉपी केल्यावर नावे तीच राहिली तरी दोन्ही गोष्टी बदलल्या, म्हणून क्लायंटकडील जुने हँडल निरर्थक झाले. प्रत्येक क्लायंटवर तो फोल्डर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. तो वापरात असल्याचे उत्तर आले, तर आधी त्यातील प्रोग्रॅम बंद करा. डिस्क तीच असून केवळ डिव्हाइस क्रमांक बदलल्याने हे घडत असेल, तर एक्स्पोर्टमध्ये (सर्व्हरवरील फोल्डर वाटण्याच्या नोंदीत) ‘एफएसआयडी’ (फाइल सिस्टमची ओळख) स्पष्ट लिहून ठेवणे पुरेसे असते. आपल्या बाबतीत आयनोडच बदलल्यामुळे तो उपाय लागू पडणार नाही.

दीड मिनिटाचा थांबा हा दोष नाही. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर क्लायंटना आपली जुनी लॉक (फाइलवरील ताबे) परत मागता यावीत म्हणून लिनक्सचा एनएफएस सर्व्हर सवलतीचा काळ ठेवतो, आणि तो मुळात ९० सेकंदांचा असतो.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, पण एक अपवाद नोंदवावासा वाटतो. केवळ वाचनासाठी माउंट केलेल्या फोल्डरवर ‘सॉफ्ट’ चालू शकतो, कारण तेथे गमावण्यासारखे लेखन नसते. अडकणे कमी करायचे असेल तर फोल्डर कायम माउंट न ठेवता ऑटोमाउंट करावा (लागेल तेव्हाच आपोआप जोडावा). आपल्या एक्स्पोर्टमध्ये ‘असिंक’ लिहिले आहे का, हेही पाहावे. त्या पर्यायामुळे सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच पोच देतो, आणि वीज गेल्यास ‘हार्ड’ माउंटसुद्धा ती माहिती वाचवू शकत नाही.

प्रश्नकर्ता

पुन्हा माउंट केल्यावर ‘स्टेल’ त्रुटी गेली. ‘असिंक’ खरोखरच लिहिलेले होते. ते काढले असून लेखन थोडे मंदावले आहे, पण ते मान्य आहे. आता दोन प्रश्न उरले आहेत. विंडोजवर जतन केलेली फाइल कधीकधी लिनक्सवर जुनीच दिसते. तसेच, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून एका संगणकावर पासवर्डविना फोल्डर उघडत नाही.

उत्तर ३

पहिल्या प्रश्नामागे दोन कारणे असू शकतात. सांबा ऑपलॉक (फाइल स्वतःकडे साठवून ठेवण्याची परवानगी) देते तेव्हा विंडोज क्लायंट बदल काही काळ स्वतःकडेच ठेवतो. दुसरीकडे लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलची वैशिष्ट्ये मुळात ३ ते ६० सेकंद स्मृतीत ठेवतो. त्या एका शेअरसाठी सांबामधील ऑपलॉक बंद करा आणि लिनक्सवर ‘एसीटाइमओ’ (हाच साठवणीचा काळ ठरवणारा माउंट पर्याय) कमी करा. वेग घटेल, म्हणून हा बदल सर्व शेअरना लावू नका. याहून चांगला मार्ग म्हणजे एका प्रोटोकॉलने लेखन आणि दुसऱ्याने फक्त वाचन, अशी विभागणी करणे.

दुसऱ्या प्रश्नात, त्या आवृत्तीच्या प्रो संस्करणात एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खात्रीची सही) मुळातच सक्तीचे आहे आणि अतिथी (पासवर्डविना) प्रवेशाला साइनिंग करता येत नाही. ती सक्ती काढून टाकण्याचे उपाय सापडतील, परंतु त्याने वाटेत माहिती बदलली गेल्यास ते ओळखण्याची सोयच जाते. सांबामध्ये त्या संगणकासाठी पासवर्डसह स्वतंत्र वापरकर्ता तयार करा आणि विंडोजमध्ये त्याच नावाने लॉग इन करा.