गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घोड्यावरून दरीतली टूर, कोणी केलीय का?

फोंडेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. मुलगी १२ वर्षांची, तिला वर्षभरापासून घोड्यांचं वेड लागलंय, म्हणजे वह्यांची मागची पानं घोड्यांनी भरलेली, वाढदिवसाला काय पाहिजे तर घोडा. आता घोडा फ्लॅटमध्ये काही मावत नाही म्हणून निदान एक दिवस नीट बसवून आणू असं ठरवलंय. बीचवर पाच मिनिटं फिरवतात ते दोनदा झालंय, तिला ते आता "बाळांचं" वाटतं.

तर परवा मोबाईलवर एक जाहिरात दिसली. सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या बाजूला, गाईड बरोबर असतो, घोड्यावरून दरीतून नेतात, ओढे पार करायचे, कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) जायचं, समोर सह्याद्रीचे कडे, मध्ये एका घरी नाश्ता. ३ तास, २५ किलोमीटर, माणशी साडेतीन हजार आणि खाली ठळक अक्षरात "अनुभवाची गरज नाही".

माझा अनुभव म्हणाल तर माथेरान, लग्नानंतर लगेच. दस्तुरी नाक्यावरून घोडा केला, घोडेवाला दोरी धरून पुढे आणि सगळा वेळ फोनवर, आणि तो घोडा मुद्दाम वाटेच्या बाहेरच्या कडेने, दरीच्या अंगाने चालायचा, मी लगाम ओढला तरी त्याला माझ्या अस्तित्वाची दखलच नाही. तेव्हा वजन ६८ होतं, आता ८८ आहे. बायकोने आधीच सांगितलंय की ती गाडीत बसून पुस्तक वाचणार.

पैसे वाजवी आहेत का, कुठल्या महिन्यात जावं, आणि माझ्या वजनाचं काय, एवढं कोणी सांगा. मुलीला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं की मग सुटका नाही.

वाळपईचो_पाव

फोंडेकर, आमच्याकडे सत्तरीत घोडे म्हटले की शिगम्यातल्या घोडेमोडणीचे. कमरेला बांधलेले लाकडी, ढोल-ताशावर नाचतात, खात नाहीत, लाथ मारत नाहीत, ८८ किलोचं पण चालतं 😄

बरं, आता सीरियसली. पावसात जाऊच नका, कोणी कितीही हिरवंगार फोटो टाकू देत. इथे पाऊस म्हणजे चेष्टा नाही, आणि आमच्या वाटा जांभ्याच्या, त्यावर शेवाळ आलं की माणूस घसरतो तिथे नाल मारलेला घोडा काय करणार. ओढे वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असताना अचानक फुगतात. जळवा वेगळ्याच. ऑक्टोबरमध्ये उकडतं आणि चिखल अजून सुकलेला नसतो. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा काळ बेस्ट, ओढ्यांना पाणी असतं पण घोट्याएवढं, सकाळी धुकं असतं. मार्च-एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर माणूसही नको म्हणतो, इथली हवा दमट, घोड्याला घाम भरपूर येतो पण तो वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही.

दुसरी गोष्ट जी जाहिरातवाला सांगणार नाही ती माकडताप. केएफडी, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात तो. २०१५ पासून सत्तरीत केसेस झाल्यात, काजू गोळा करायला रानात जाणाऱ्यांना जास्त. गोचिडीतून होतो, आणि जोर साधारण डिसेंबरपासून पावसापर्यंत, म्हणजे नेमका तुमच्या टूरच्या सीझनला. घाबरायचं कारण नाही पण फुल पँट, मोजे पँटवरून ओढलेले, रिपेलंट, आणि नाश्त्याच्या वेळी पाचोळ्यावर बसकण मारायची नाही. घरी आल्यावर मुलीचे गुडघ्यामागे, कानामागे बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. आणि घोड्याच्या अंगावरही गोचिड्या असतात हे विसरू नका, मिठ्या मारून सेल्फी जरा जपून.

अजून एक, वाट म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून जाते का ते विचारा. जात असेल तर वन खात्याची परवानगी लागते, ती त्यांच्याकडे आहे का? बाहेरून, गावच्या वाटेने नेत असतील तर प्रश्न नाही. गवे मात्र हद्द बघत नाहीत.

खरारा

फोंडेकर, मी पुण्यात चार वर्षं रायडिंग शिकले, आता पर्वरीला असते, आठवड्यातून एकदा अजून बसते. तुमची जाहिरात वाचली आणि पहिल्यांदा डोळा गेला तो २५ किलोमीटरवर.

हिशोब करा ना. घोडा साध्या चालीने ताशी ६ किलोमीटर जातो, डोंगरवाटेला त्याहून कमीच. ३ तासांतला नाश्त्याचा अर्धा तास वजा करा, राहिले अडीच, म्हणजे झाले १५, ते पण सपाट रस्त्याला. २५ करायचे तर बराच वेळ दुडकीने, म्हणजे घोड्याच्या संथ धावेने, जावं लागेल. आणि दुडकी म्हणजे काय ते कधी न बसलेल्याला सांगून कळत नाही, खडबडीत रस्त्यावर सायकलच्या कॅरियरवर बसल्यासारखं, दर पावलाला आपण वर उडतो आणि खाली येतो तेव्हा घोड्याची पाठ वर येत असते. शिकलेला माणूस त्या लयीत उठतो-बसतो. न शिकलेला पोत्यासारखा आपटतो, त्याची कंबर जाते आणि घोड्याची पाठ जाते. म्हणजे एकतर २५ हा आकडा खोटा आहे किंवा "अनुभवाची गरज नाही" हे खोटं आहे. फोन करून विचारा यातलं कुठलं.

वजनाबद्दल. ढोबळ नियम असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. तुम्ही ८८ आणि खोगीर ८-१० किलो, म्हणजे पावणेपाचशे-पाचशे किलोचं जनावर लागेल, हिल स्टेशनला असतात त्या तट्टांचं हे काम नाही. विचारा त्यांना, तुमचा सगळ्यात मोठा घोडा किती हाताचा. हात म्हणजे ४ इंच, १६ हात म्हणजे मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथपर्यंत ५ फूट ४ इंच. मोठे घोडे पुष्कळदा रेसमधून निवृत्त झालेले असतात, उंच आणि देखणे पण डोकं गरम, प्लास्टिकची पिशवी उडाली तरी बुजतात. त्यामुळे मोठा आणि वयस्क, दोन्ही मागा.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ही चूक मी शिकलेली असून केली. दुसऱ्या राज्यात अशीच एक व्हॅली राईड, कंपनीचं नाव राहू दे. घोडी कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी, गोड होती. तिथल्या मुलाने तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला, मी बसले, निघालो. आता यात गंमत अशी की बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवून घेतात, लबाड असतात, आणि दहा मिनिटं चाललं की पोट जागेवर येतं आणि पट्टा ढिला. म्हणून थोडं चालून झाल्यावर तंग परत बघायचा असतो, हे मला पहिल्या महिन्यात शिकवलेलं. मी बघितला नाही. गाईडनेही बघितला नाही, तो पुढे व्हिडिओ काढत होता. ओढ्यात उतरताना घोडी डावीकडे झुकली आणि खोगीर माझ्यासकट फिरलं, हळूच, घड्याळाच्या काट्यासारखं, मला ते होताना दिसत होतं आणि धरायला काही नव्हतं. पाण्यात पडले. पाणी गुडघाभर, पण खाली गोटे. हेल्मेटला उजव्या बाजूला चीर पडली ती अजून जपून ठेवलीय. घोडी उभीच राहिली, खोगीर पोटाखाली लोंबतंय आणि ही शांतपणे पाणी पितेय.

म्हणून तुम्ही तिथे गेलात की पैसे द्यायच्या आधी घोडे बघा. खोगीर काढायला सांगा, पाठीवर जखमा किंवा पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का (जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात), तंगाच्या जागी सोललेलं आहे का, बरगड्या मोजता येतात का, चालताना मान दर पावलाला खाली-वर होते का, तशी झाली तर पाय दुखतोय. नाही दाखवलं तर सरळ परत या. हेल्मेट हनुवटीचा पट्टा लागणारं हवं, क्रिकेटचं नको. पायात थोडी टाच असलेले बूट, चपला-सँडल अजिबात नाही, आणि रिकिबीत (खोगिराला लटकलेल्या पाय ठेवायच्या कडीत) पायाचा पुढचा चवडाच ठेवायचा, टाच खाली. पाय आरपार गेला आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो, गंमत नाही ही. मुलीला सांगा लगाम हाताला गुंडाळायचा नाही आणि मागून जायचं नाही. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण बरोबर शेपटीमागे दिसत नाही.

आणि जमलं तर जायच्या आधी ४-५ क्लास करा दोघंही. घोडामैदान जवळच आहे, अजून महिना आहे डिसेंबरला.

चणेवाला

एवढी नाटकं कशाला बाबा. कार काढा, चोर्ला घाटात जा, गाडी नीट बाजूला लावा, तीच दरी वरून बघा, गरमागरम मिरची भजी खा, घरी या. खर्च पाचशे. घोडा पण खूश.

वाळपईचो_पाव

चणेवाला, वरून बघणं आणि आतून जाणं यात फरक आहे रे. एकेकाळी होर्मुझहून जहाजाने आलेले घोडे गोव्यात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर त्या घोड्यांच्या जकातीवर तर त्यांची चंगळ झाली. आणि आता आम्ही घाटात काय बघतो तर उलटलेला ट्रक.

फोंडेकर

सगळ्यांना थँक्स, खरारा ताई तुम्हाला स्पेशल. फोन केला. उचलला तो माणूस बरा निघाला. २५ किलोमीटरचं विचारलं तर थोडा वेळ गप्प, मग म्हणतो ते जाहिरात करणाऱ्या पोराने टाकलंय, खरं ९ किलोमीटर, सगळं चालीने, दुडकी फक्त शेवटी माळावर आणि ती पण ज्याला पाहिजे त्याला. वाट अभयारण्याच्या बाहेरून, गावच्या रस्त्याने. माझं वजन सांगितलं तर आधी म्हणाला "चलता है", मी १६ हात वगैरे बोलल्यावर सूर बदलला, म्हणाला एक मोठा आहे, १९ वर्षांचा, तोच देतो. मी हिशोब करून बघितला, घोडा माझ्यापेक्षा रिटायरमेंटच्या जवळ आहे.

मुलीला सांगितलं. झोप उडालीय घरात सगळ्यांची.

फोंडेकर

जाऊन आलो मंडळी, लिहितो म्हणालो होतो म्हणून लिहितोय. उभा राहून लिहितोय हे आधी सांगतो.

पहाटे पाचला निघालो, साडेसहाला पोचलो, धुक्यात समोरचा आंबा दिसत नव्हता. घोडे दाखवा म्हटलं तर त्याने कटकट न करता खोगिरं काढली, चार घोडे, पाठी स्वच्छ, एकीच्या पाठीवर ते पांढरे ठिपके होते, विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकाकडचे, तिला आता फक्त मुलं देतो. खरं-खोटं देव जाणे पण जखम नव्हती. पंधरा मिनिटं चालल्यावर स्वतःच थांबून सगळ्यांचे तंग तपासले, माझा तीन भोकं आत गेला! ताई तेव्हा तुमची आठवण काढली.

कुळागरात शिरलो तेव्हा मात्र गप्प झालो सगळे. सुपारीची झाडं, पाटाचं पाणी, ओला वास, आणि टापांचा आवाज पाचोळ्यात मुरून जातो, नुसतं खोगिराच्या चामड्याचं करकर ऐकू येतं. उंचावर बसल्याने मिरीचे वेल तोंडाला लागत होते. पुढे झाडी संपली आणि एकदम घाटाची भिंत समोर, वरच्या कड्यावर ऊन, आम्ही अजून सावलीत. फोटो काढायला फोन काढला तर म्हातारबुवा थांबून बांधावरचं गवत खायला लागले आणि पुढची पाच मिनिटं काही केल्या हलेनात. गाईड म्हणाला, लगाम सोडलात ना, त्याला वाटलं सुट्टी झाली.

गवा दिसला नाही, ताजं शेण दिसलं, घोडे तिथे कान ताठ करून फुरफुरले तेवढंच. ओढा उतरताना माझे हात घामाने ओले. मुलगी पुढे होती, पाठ सरळ, टाचा खाली, एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने. माळावर तिने दुडकी केली, मी नाही.

नाश्त्याला भाजी-पाव आणि चहा. उतरलो तेव्हा मांड्या माझ्या नव्हत्याच. आज तिसरा दिवस, आतल्या बाजूला जीन्सच्या शिवणीने सोललंय, आई कोकमतेल लावायला देतेय आणि हसतेय. जीन्स घालू नका हे कोणीच का नाही सांगितलं रे? गोचिडी एक सापडली, मोज्यावर, चढण्याआधीच.

खरारा ताई, पर्वरीजवळचे क्लास कुठल्या वारी असतात आणि फी काय ते मेसेज करा. मुलीसाठी. बायको पण विचारतेय, तिचं पुस्तक म्हणे पहिल्या अर्ध्या तासातच संपलं.