जुनी यंत्रं खोलून हाताला काय आलं? अनुभव सांगा

वरूडकर:
माळ्यावरचे कूलर खाली उतरायचे दिवस आले, आणि त्यातले निम्मे चालत नाहीत. म्हणून हा धागा. घरचं बंद पडलेलं काही खोललं असेल तर लिहा. पण "लहानपणी रेडिओ खोलला अन् बाबांनी बदडलं" एवढंच नको राजेहो, ते सगळ्यांचंच झालं. बिघाड ओळखला कसा, ते सांगा.

सुरुवात मी करतो. छताचा पंखा नुसता गुणगुणतो, पण काठीनं पातं ढकललं की फिरायला लागतो? बहुतेक कपॅसिटर गेला, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा जोर देणारी छोटी डबी. साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. जुना दुकानात दाखवून त्याच आकड्याचा घ्या. लोक उगाच वाइंडिंगचे, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचे, पैसे भरून येतात.

दर्यापूरवाला:
आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट, त्यामुळं कूलरचा पंप दर उन्हाळ्यात जाम. फेकू नका. पुढची जाळी काढली की चुंबकाचा रोटर (फिरणारा भाग) पंखुडीसकट ओढून बाहेर येतो. त्यावर क्षाराचा पांढरा थर अन् गवताचे तंतू गुंडाळलेले असतात. लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला अन् जुन्या ब्रशनं घासला की फिरते. गुंडाळी मात्र राळेत कायमची बंद असते. ती जळली तर नवा पंप घेणे.

खरी गोष्ट वेगळीच आहे. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओले हात. टाकी भरताना बटन बंद करून भागत नाही, पिनच काढायची. अन् तीन पायांची पिन लावली पण घराला अर्थिंगच नाही, तर तिसरा पाय शोभेचा. पंप खोलता खोलता हे ध्यानात आलं, मग आंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं.

हिंगणघाटची ताई:
मिक्सरमधून ठिणग्या आणि जळका वास यायचा. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते. ते जोडीनंच बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही. हे म्हणाले, "तुले जमते का?" म्हटलं, "शिलाई मशीन कोण खोलते मंग?" आता गल्लीतले मिक्सर माझ्याकडंच येतात.

गोंदियाकर:
आजोबा नागपूर केंद्र लावताना रेडिओ आडवा-उभा फिरवत बसायचे. ५८५ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्ह. आम्हाला वाटे, म्हातारपणाचा चाळा. सेट खोलला तर आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी कांडी. तोच अँटेना! कांडीची बाजू केंद्राकडं असली की आवाज खणखणीत, टोक केंद्राकडं गेलं की खरखर.

वाशीमचा मेकॅनिक:
जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही नवख्यानं उघडू नये. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, अन् पिन काढल्यावरही आत विजेचा भार साठून राहतो. त्यापेक्षा इस्त्रीपासून सुरुवात करा.

वरूडकर:
इस्त्रीत शिकण्यासारखं काय आहे, भाऊ?

वाशीमचा मेकॅनिक:
दोन धातूंची पट्टी तापली की वाकते अन् संपर्क तोडते. थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते डोळ्यांनी दिसते. पण आधी तपासणीसाठी सिरीज बोर्ड बनवा: शंभर वॉटचा पिवळा बल्ब अन् त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट, म्हणजे यंत्राला जाणारी वीज बल्बातूनच जाईल. पंखा लावला अन् बल्ब मंद पेटला तर ठीक. भक्क पेटला तर वाइंडिंग शॉर्ट. इस्त्रीला मात्र हा हिशेब लावू नका. तिचा रोध कमी, चांगल्या इस्त्रीतही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. पेटलाच नाही तर वायर, थर्मोस्टॅट नाहीतर एलिमेंट (तापणारी तार) तुटलं.

हिंगणघाटची ताई:
पिवळा बल्ब आता मिळतो कुठं, दादा? सगळीकडं एलईडी.

दर्यापूरवाला:
कोंबड्या पाळणाऱ्याकडं विचारा ताई. पिल्लांना ऊब द्यायला ठेवतात.