मदत हवी आहे: आधीच्या भाडेकरूचा मृत्यू लपवला, लॉक-इन मोडता येईल का? (पुणे)

नवीन_बिऱ्हाड
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नवरा, मी आणि दीड वर्षाची लेक कोल्हापूरहून पुण्याला आलोय. कोथरूडमध्ये एजंटमार्फत टू बीएचके घेतला. भाडं २३,०००, डिपॉझिट ७०,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. करार ११ महिन्यांचा, त्यात पहिले ६ महिने लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही. रजिस्ट्रेशनवाला घरी येऊन अंगठे घेऊन गेला, पोलिसांकडची नोंदही झाली. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा दोन-तीन हजारांनी कमी, वर नवा कोरा रंग. आपलं नशीब म्हणून खूश होतो.

सोळाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे महिन्याचं सामान घरपोच सांगायला गेले. फ्लॅट नंबर लिहिता लिहिता तो थांबला. "त्या घरात आलात होय राहायला?" पुढे काही बोलेना. मग धुण्याभांड्याच्या मावशींना खोदून विचारलं. आधी तिथे एकटा मुलगा राहायचा, आठ महिन्यांपूर्वी त्याने त्या घरातच आत्महत्या केली. तेव्हापासून घर बंद होतं. वॉचमनकाकांनीही हो म्हटलं, पण इकडेतिकडे बघून.

मालकांना फोन केला. ते अगदी शांत. "तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. सांगायलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

मी भुताखेतांना मानत नाही, निदान आजवर तरी तसंच समजत होते. पण नवऱ्याला रात्रपाळी असते आणि गेल्या चार रात्री आम्ही मायलेकी हॉलमध्ये दिवा चालू ठेवून झोपतोय. त्या मुलाबद्दल जीव हळहळतो, तो भाग वेगळा. राग याचा येतो की आमचं आधार, पॅन, ऑफिसचं पत्र, लग्नाचं सर्टिफिकेट सगळं घेतलं, मासे शिजवता का, सासूबाई किती दिवस राहतील, इथपर्यंत चौकशी केली. आणि स्वतः एक गोष्ट सांगितली नाही.

हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे का? आत्ता सोडलं तर लॉक-इनचं भाडं डिपॉझिटमधून कापणार म्हणतात, तसं कापता येतं का?

माजघर
रागावू नका, पण आमच्या वाड्यात माजघराच्या एकाच कोपऱ्यात तीन पिढ्या गेल्या आणि त्याच कोपऱ्यात माझी बाळंतीण बहीण सव्वा महिना झोपली. कुणी गेलं नाही असं घर शोधायचं तर बिल्डरकडून नवं घ्यावं लागेल.

नवीन_बिऱ्हाड
माजघर, म्हातारं माणूस अंथरुणात गेलं असतं तर मीही इथे लिहायला आले नसते.

अर्धा_वकील
(एलएलबी झालोय, प्रॅक्टिस करत नाही. अंतिम सल्ला वकिलाचाच घ्या.)

वाईट बातमी आधी. "या घरात मृत्यू झाला होता" हे भाडेकरूला सांगावं, असं थेट म्हणणारं कलम आपल्याकडे नाही. भाडेपट्टा असेल तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ मालमत्तेतला महत्त्वाचा दोष सांगायला लावतं. पण तुमचा करार लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी. त्याला लागतो सुखाधिकार कायदा, तोही १८८२चाच. त्याचं कलम ५७ म्हणतं, लायसन्स घेणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष माहीत असेल तर सांगा. स्लॅब पडायला आलाय, वायरिंग जळलंय, असल्या गोष्टी. मृत्यू त्यात बसवायला गेलात तर समोरचा वकील हसेल.

करार कायदा, १८७२, कलम १७ : नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, जोवर बोलण्याचं कर्तव्य नाही. तुमचे मालककाका बहुधा याच कलमाच्या भरवशावर शांत आहेत.

पण खोटं बोलणं वेगळं. आधीचे भाडेकरू का गेले, घर इतके दिवस रिकामं का होतं, असं तुम्ही कुणाला विचारलं होतंत का? नीट आठवा. व्हॉट्सॲप चाळा.

निशिकासाईकर
तोक्योत राहतो. इथे अशा घरांना चक्क नाव आहे, 'जिको बुक्केन'. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने एजंटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आत्महत्या किंवा खून झालेला असेल तर भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं सांगायचं. म्हातारपणाने किंवा आजाराने गेलेलं, न्हाणीघरात घसरून गेलेलं सांगायची गरज नाही. मात्र एकटा माणूस गेला, बऱ्याच दिवसांनी कळलं आणि घराची खास सफाई करावी लागली, तर ते सांगायचं. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं, तर तीन वर्षं उलटून गेली असली तरी सांगायचं. इथे एकटे राहणारे वृद्ध खूप, घरमालक त्यांना घर द्यायला कचरतात. म्हणून ही रेघ आखावी लागली. माजघर यांचा मुद्दा आणि ताईंचा मुद्दा, दोन्ही त्यात आलेत बघा.

सॅनहोजेची_सून
कॅलिफोर्नियातही तीन वर्षंच. त्याआधीचा मृत्यू सांगितला नाही म्हणून दावा लावता येत नाही. पण थेट विचारल्यावर खोटं बोललं तर त्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

कोकणी_फणस
उदकशांत करून घ्या. गुरुजी, शिधा, दक्षिणा, एका सकाळीत आटपतं. मनाला बरं वाटतं. खर्च मालकाच्या माथी मारा.

नवीन_बिऱ्हाड
अर्धा_वकील, सापडलं! घर बघून आल्यावर नवऱ्याने एजंटला विचारलं होतं, "आधीचे का सोडून गेले? सोसायटीचा काही त्रास?" उत्तर आहे : "नाही सर, त्यांची बंगलोरला बदली झाली 🙏"

वाचून अंगावर काटा आला.

अर्धा_वकील
तो मेसेज सांभाळा. स्क्रीनशॉट काढाच, पण चॅट डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका.

आता हे मौन राहिलं नाही. करार कायद्याच्याच कलम १९नुसार फसवणुकीने मिळवलेली संमती असेल तर करार तुमच्या मर्जीने रद्द करता येतो. मालकाच्या वतीने काम करणारा एजंट खोटं बोलला, तर कलम २३८नुसार ते मालकानेच बोलल्यासारखं. मालक म्हणतील, "एजंट माझा नव्हताच." त्याने त्यांच्याकडूनही दलाली घेतली असेल तर तो पुरावा शोधा. कळल्यानंतर महिना-महिना राहून भाडं भरत बसू नका, नाहीतर तुम्हाला घर मान्य होतं असा अर्थ निघतो. आजच ईमेल करा : अमुक दिवशी कळलं, आम्ही करार रद्द करतोय, तमुक तारखेला चावी देतो, डिपॉझिट परत करा. भुतंखेतं, झोप लागत नाही, यातलं एक अक्षर नको. "खोटं सांगितलं" एवढंच.

लॉक-इनबद्दल : करारात रक्कम लिहिली असली तरी कलम ७४ वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. पुढच्या महिन्यात दुसरा भाडेकरू आला तर सहा महिन्यांचं नुकसान दाखवणार कुठून?

माजघर
आता मीही तुमच्या बाजूने. बदली म्हणे.

नवीन_बिऱ्हाड
अपडेट. ईमेल केला, सोबत स्क्रीनशॉट. दोन दिवस शांतता, मग मालककाकांचा फोन. आवाज बदललेला. त्यांचं म्हणणं, त्या मुलाचे आईवडील सामान न्यायला आले तेव्हा कुणाला काही सांगू नका म्हणून हात जोडून गेले होते. खरं-खोटं देव जाणे, पण मला पुढे भांडवेना. एक महिन्याचं भाडं कापून बाकी डिपॉझिट चावी दिली की देणार, तसं लेखी दिलंय. आम्ही हो म्हटलं.

नवीन घर शोधतोय. प्रत्येक एजंटला आधी मेसेज टाकते, "या घरात गेल्या तीन-चार वर्षांत कुणी अचानक गेलं आहे का? लेखी सांगा." एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही पोलिसात आहात का?"

राहिला पहिला एजंट. २३,००० घेऊन बसलाय आणि फोन उचलत नाही. करारात त्याचं नाव कुठेच नाही, पैसे यूपीआयने दिलेत. दलाली परत मिळवल्याचा कुणाला अनुभव आहे का?